दहापैकी नऊ

मागच्या सीटवर बसलेल्या भाचीने दोन्ही कानांत बोटं घातली, आणि ते त्याला आरशात दिसलं.

"काय गं, काय झालं?"

"मामा, तुझी गाडी शिट्टी मारते."

"काहीतरीच. इंजिन तर बंद आहे आत्ता."

"म्हणून तर ऐकू येते ना!"

शेजारी बसलेली बहीण हसली. "अगं, मामाला सांगतेस? अख्ख्या कारखान्यात त्याला कानसेन म्हणतात. शिट्टी असती तर त्याला आधी ऐकू आली नसती का? हो ना रे दादा?"

तोही हसला, पण जरा उशिरा. समोरचा सिग्नल लाल होता. गाडी थांबली तशी भाचीने कानांतली बोटं काढली आणि म्हणाली, "थांबली." पुढच्या सिग्नलला त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि रस्ता सोडून आरशात पाहिलं. बोटं पुन्हा कानांत गेली होती. नऊ वर्षांच्या मुलीला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. त्याच्या कानांना मात्र टायरची खरखर आणि बहिणीच्या बांगड्यांचा आवाज, एवढंच कळत होतं.

हायब्रिड गाडीचं दुखणं हेच असतं. घरातला मोठ्या आवाजाचा माणूस बाहेर पडला की नळ ठिबकतोय, पंखा कुरकुरतोय हे कळायला लागतं, तसं इंजिन गप्प झालं की बाकीच्यांना कंठ फुटतो. त्या बारीकसारीक कुरबुरी शोधून मिटवायच्या, हे त्याचं काम. बावीस वर्षं तो ते करत होता. नव्या गाडीत माइक टांगत, संगणकावर आलेख काढत, पण शेवटचा शब्द त्याचा असे. चष्मा काढून खिशात ठेवायचा, डोळे मिटायचे, चाचणीच्या रस्त्यावर दोन चकरा होऊ द्यायच्या आणि दहापैकी एक आकडा लिहून खाली सही करायची. नऊच्या खाली आकडा आला की गाडी फाटकाबाहेर जात नसे. कुठल्या चाकात खडा अडकलाय ते तो बसल्या जागी सांगतो, असं लोक म्हणत. त्यातलं निम्मं खरं होतं, आणि उरलेलं त्याने कधी नाकारलं नव्हतं.

गेल्या वर्षी ह्याच मॉडेलच्या चाचणीला मापन विभागातल्या बाई मागे त्याच्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर लॅपटॉप घेऊन. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. चालकाने पाय काढला, मोटर उलट बॅटरीतच वीज भरू लागली, तशा त्या म्हणाल्या, "सर, आता. ही शिट्टी. आलेखावर पण आहे बघा."

त्याला काहीही ऐकू आलं नाही. आणि जी गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती ती अशी, की ऐकू न आल्याचं त्याला मुळीच नवल वाटलं नाही.

कारखान्यात दरवर्षी सगळ्यांचे कान तपासत. काचेच्या खोलीत बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या लक्षात आलं होतं, की बराच वेळ झाला, आवाज येत नाही, आणि काचेपलीकडे आवाज सोडणाऱ्या नर्सचा कोपर मात्र हलतोय. त्याने बटण दाबलं. पुढच्या वर्षी तो कोपर नीट दिसेल अशा बेताने बसला. अहवालात 'उत्तम' असा शेरा आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणत त्याने तो फाइलला लावला.

म्हणून त्या दिवशी गाडीत तो घाबरला. घाबरलेला माणूस खेकसतो, तसा तो खेकसला.

"बाई, आलेख बघून शिट्ट्या ऐकायच्या नसतात. आधी डोळे मिटा."

पुढे बसलेले दोघं हसले. बाईंनी खरोखरच डोळे मिटले, शाळेतल्या मुलीसारखे घट्ट. दुसऱ्या चकरेनंतर त्या हळूच म्हणाल्या, "तरी येते, सर."

"मग ती तुमच्या डोक्यात असेल."

त्याने नऊ लिहिले. दहा लिहायला हात धजला नाही, एवढाच काय तो त्याचा प्रामाणिकपणा.

त्यानंतर त्यांचं नाव 'शिट्टीबाई' पडलं. कँटीनमध्ये त्या ताट घेऊन निघाल्या की कुणीतरी बारीक शीळ घाली आणि टेबलं हसत. ती शीळ त्याला ऐकू येई. तो मान खाली घालून जेवत राही. दोन महिन्यांनी बाईंनी स्वतःहून सुट्या भागांच्या गोदामात बदली मागून घेतली. अर्जावर त्याचीही शिफारस लागणार होती. ती त्याने त्याच दिवशी दिली, एरवी त्याच्याकडे कागद आठवडाभर पडून असत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो आपली गाडी घेऊन गोदामापाशी गेला. बाई खोक्यांवर नंबरांच्या चिठ्ठ्या डकवत होत्या. त्याला पाहून त्यांनी हात पुसले.

"काही भाग हवा होता का, सर?"

"नाही. दहा मिनिटं आहेत? एक चक्कर मारून येऊ."

त्या पुढच्या सीटवर बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. कारखान्यामागच्या सरळ रस्त्यावर त्याने गाडी चाळीसवर नेली आणि पाय काढला. गाडी मंदावत गेली.

"आली का?" त्याने विचारलं.

"काय, सर?"

"शिट्टी."

त्या समोर बघत होत्या. "नाही, सर. काही नाही येत. गाडी छान आहे."

क्षणभर त्याला केवढं हायसं वाटलं! म्हणजे पोरीची आपली थट्टा असेल, आलेख चुकला असेल, आणि कान अजून शाबूत असतील. त्या आनंदातच त्याने पुन्हा वेग घेतला आणि पुन्हा पाय काढला. ह्या खेपेला मात्र त्याचं लक्ष त्यांच्याकडे होतं. बाईंचा हात पर्सवरून उठला आणि केस सारखे करायला कानापाशी गेला. केस तर घट्ट बांधलेले होते. गाडी थांबेपर्यंत बोट कानावरच होतं, मग हात निमूट खाली आला.

त्याने गाडी कडेला घेतली. आपण ह्या बाईला काय शिकवलं ते त्याला कळलं.

डॅशबोर्डच्या खणात चाचणीचा कोरा फॉर्म होता. सकाळीच त्याने तो ठेवला होता, पण तो बाहेर काढायची हिंमत होईल की नाही हे तेव्हा ठाऊक नव्हतं. त्याने स्टिअरिंगवर कागद टेकवून आधी खाली सही केली, मग फॉर्म आणि पेन त्यांच्याकडे दिलं.

"सर, ह्यावर आकडा कुठाय?"

"तो तुम्ही लिहायचा. मला ऐकू येत नाही, बाई. वरच्या पट्टीतले बारीक आवाज गेले माझे. हा कागद मी आजच वर देणार आहे. जुना आकडा चुकीचा होता, हेही सांगणार आहे."

बाईंनी सही वाचली. शेजारून एक ट्रक धडधडत गेला.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

बाईंनी मनातल्या मनात हिशोब केला असावा. मग पहिल्यांदाच त्यांनी मान वळवून सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं."

इथे एक पळवाट होती. शंका होती, खात्री नव्हती, असं म्हणता आलं असतं, आणि ते फारसं खोटंही ठरलं नसतं. त्याने चष्मा काढला, सवयीने खिशाकडे नेला आणि पुन्हा डोळ्यांवर लावला.

"हो," तो म्हणाला. "माहीत होतं."

बाई 'असू दे' म्हणाल्या नाहीत आणि रागावल्याही नाहीत. त्यांनी पर्स उचलून पायाशी ठेवली, फॉर्म मांडीवर सरळ केला आणि पेनचं टोपण काढलं.

"चाळीसवर घ्या," त्या म्हणाल्या.

त्याने घेतली.

"आता पाय काढा."

त्याने पाय काढला. गाडीत त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. तो त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"रस्त्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "आली की मी सांगते."