हिरवे चौकोन

डॉक्टरांनी कागदावर फुप्फुसाचं चित्र काढलं. उजवीकडे तीन कप्पे, डावीकडे दोन. सत्यशीलाबाईंना ते चित्र आवडलं. चौतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत पहिली ते चौथीची मुलं शिकवलेल्या बाईंना, कोण खरंच शिकवतंय आणि कोण नुसतं उरकतंय, हे चटकन कळत असे. हे डॉक्टर शिकवत होते.

"इथं, उजवीकडच्या वरच्या कप्प्यात गाठ आहे. कॅन्सरची आहे, पण लहान आहे आणि वेळेत सापडली आहे. हा कप्पा काढायचा. रोबोच्या मदतीनं."

"ऑपरेशन रोबो करणार," पोपटराव म्हणाले, "मग तुम्ही काय, तोवर चहा पिऊन येणार?"

"अहो!" सत्यशीलाबाई कुजबुजल्या.

डॉक्टर हसले. "काका, तो स्वतःच्या मनानं सुईसुद्धा उचलत नाही. मी त्याच खोलीत बसतो, भिंगातून आत बघतो. मी बोटं हलवली की त्याची हलतात. माझा हात थरथरला तरी त्याचा थरथरत नाही, एवढंच."

समाधाननं वडिलांकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर, बघा, मी सांगत नव्हतो, असं होतं. हिंजवडीच्या कंपनीत काम करणाऱ्या या मुलानं पंधरा दिवस सगळं वाचून काढलं होतं आणि या ऑपरेशनचा हट्ट धरला होता. पोपटरावांची सगळी नोकरी भोसरीच्या फाउंड्रीत गेली होती. फाडायचं तर सरळ फाडा, असं त्यांचं मत. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, विमलाबाईंनी, तर यंत्राचं नाव ऐकूनच कानावर हात ठेवले होते. पण समाधान मागे हटला नाही. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत, चार-पाच लहान भोकं, आठवड्याच्या आत घरी, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं की शेवटी पोपटराव म्हणाले, "बरं बाबा, भोकं तर भोकं."

"एक मात्र नीट ऐका," डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "भोकं लहान म्हणून ऑपरेशन लहान नाही. आतला कप्पा तेवढाच जातो. छातीत नळी असेल, दुखेल. दुसऱ्या दिवशीच आम्ही तुम्हाला चालवू. आणि उरलेलं फुप्फुस फुगवायचं काम मशीन करत नाही, ते तुमचं. खोल श्वास घ्यायचा, उशी छातीशी धरून खोकायचं, दुखलं तरी. नाहीतर आत कफ साचतो. मग आमचं सगळं काम वाया."

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं पोपटरावांना खरोखरच उभं केलं. एका हातात नळीची बाटली, दुसरा हात नर्सच्या खांद्यावर, अशी त्यांची वरात वॉर्डातून निघाली. त्यांना एक यंत्र दिलं होतं. तीन नळकांड्यांत तीन रंगीत गोळ्या. तोंडानं हवा आत ओढली की गोळ्या वर चढायच्या. दर तासाला दहा वेळा. पहिल्या दिवशी एकच गोळी जेमतेम हलली. चौथ्या दिवशी दुसरीही वर गेली, तेव्हा शेजारच्या पेशंटनं टाळ्या वाजवल्या. पाचव्या दिवशी नळी काढली आणि ते कात्रजच्या घरी आले.

घरी नर्स नव्हती. म्हणून समाधाननं आईच्या मोबाईलवर एक तक्ता करून दिला. सकाळी आठ ते रात्री आठ, तासाला एक चौकोन. दहा श्वास झाले, चालून झालं, खोकून झालं की चौकोनावर बोट ठेवायचं, तो हिरवा व्हायचा. इकडे हिरवा झाला की तिकडे हिंजवडीत समाधानलाही दिसायचा.

"म्हणजे ऑफिसातून माझ्यावर पहारा," पोपटराव म्हणाले.

"पहारा नाही पप्पा. दिसलं की बरं वाटतं, बस."

पहिले दोन दिवस सगळं नेमानं झालं. तिसऱ्या दिवशी छातीची कळ वाढली. खोकला आला की पोपटरावांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. चाळीस वर्षांच्या संसारात सत्यशीलाबाईंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. भट्टीजवळ पाय भाजला होता तेव्हाही हा माणूस विनोद करत घरी आला होता.

त्यात भेटायला येणाऱ्यांची रीघ. जो येई तो म्हणे, आराम करा. शेजारी सांगत, हलू नका. विमलाबाई तर उशाशीच बसल्या. "पोपट, पडून राहा गुमान. माणसाचं काळीज चिरलंय आणि ह्यांना गोळ्यांचा खेळ सुचतोय!"

पाहुण्यांसमोर त्यांना उठवायचं, खोकायला लावायचं, त्यांचं कण्हणं चारचौघांना ऐकवायचं, हे सत्यशीलाबाईंच्या जिवावर आलं. आजाऱ्याला निजू द्यावं, हेच त्या लहानपणापासून पाहत आल्या होत्या. दुपारी पाहुणे गेल्यावर त्यांनी यंत्र पुढे केलं. पोपटरावांनी ते हातानं बाजूला सारलं.

"बाई," ते हळूच म्हणाले. लाडात आले की ते बायकोला तिच्या विद्यार्थ्यांसारखं 'बाई'च म्हणत. "आजच्या दिवस गैरहजर. तेवढी हजेरी लावून टाका की."

सत्यशीलाबाईंनी मोबाईल उचलला. चौकोनावर बोट ठेवलं. तो हिरवा झाला.

आईबापांनी करून दिलेला मुलांचा गृहपाठ ह्याच बाई वहीच्या पहिल्या पानावर ओळखत. पालकांना शाळेत बोलावून म्हणत, तुम्ही प्रेमानं त्याचं नुकसान करताय. हे त्यांना त्या दुपारी आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण समोर तो माणूस डोळे मिटून पडला होता आणि कितीतरी वेळानं त्याचं कपाळ सैल झालं होतं.

पाच मिनिटांत समाधानचा फोन. "आई, सगळं हिरवं! ग्रेट चाललंय." त्याच्या आवाजातला आनंद ऐकून पुढचा चौकोन आणखी सोपा गेला. मग हळूहळू सकाळचा एक खरा आणि बाकीचे नुसते बोटाचे, असं होऊ लागलं.

घरी आल्याच्या नवव्या दिवशी पोपटरावांना ताप भरला, धाप लागली. हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढला. उजवी बाजू खालपासून पांढरी दिसत होती. कफ साचून न्यूमोनिया झाला होता. समाधाननं मोबाईल डॉक्टरांपुढे धरला.

"व्यायाम तर सगळे झालेत," डॉक्टर तक्ता पाहत म्हणाले. "तरीही होतं एखाद्याला. आम्ही प्रयत्न करतो."

सत्यशीलाबाई तिथंच, दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी एक्स-रे उचलून पाकिटात घातला.

आयसीयूतल्या दुसऱ्या दिवशी गाठीचा रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघाली होती, मागे काही उरलं नव्हतं. समाधाननं तो दाराबाहेर उभं राहून दोनदा वाचून दाखवला. सहाव्या दिवशी पोपटराव गेले.

जलदान विधी झाला, बुद्धवंदना झाली, माणसं जेवून पांगली. घरात राहिल्या विमलाबाई, समाधान आणि त्याच्या ऑफिसातली नम्रता. ती पांढरी ओढणी सावरत सतरंजीच्या टोकाला बसली होती.

"यंत्राच्या तोंडी दिला माझा भाऊ," विमलाबाई पुन्हा म्हणाल्या.

"बरोबर आहे, आत्या," समाधान म्हणाला. पंधरवड्यात तो किती वाळला होता! "पप्पा नको म्हणत होते. मीच दिलं."

नम्रता चुळबुळली. "काकू, आज विचारू नये, पण... माझ्या बाबांचं पुढच्या मंगळवारी आहे. हेच ऑपरेशन. काय करू कळत नाही."

"नको करू," समाधान पटकन म्हणाला. "हे बघ." त्यानं मोबाईल तिच्यापुढे धरला. "एकही चौकोन चुकलेला नाही. सगळं सगळं केलं त्यांनी. तरी गेले. नको नम्रता, रद्द कर."

नम्रतानं मान डोलावली. तिनं फोन काढला, बाबांना कळवायला.

"थांब, बाळा," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे हात मांडीवर होते, आणि ते त्यांनी तिथंच ठेवले.

"ऑपरेशन करून घे. मशीनचं काही चुकलं नाही. डॉक्टरांचं नाही आणि समाधानचंही नाही." त्यांनी श्वास घेतला. "हे चौकोन खोटे आहेत. तिसऱ्या दिवसापासून मी नुसतं बोट ठेवत होते. ह्यांना दुखत होतं, म्हणून मी उठवलं नाही. डॉक्टरांनी तक्ता पाहिला तेव्हाही मी गप्प राहिले."

विमलाबाईंनी तोंडावर पदर धरला. समाधान आईकडे बघतच राहिला.

"केलं असतं तर वाचले असते का, ते मला माहीत नाही," सत्यशीलाबाई नम्रताकडेच बघत बोलत राहिल्या, कारण मुलाकडे पाहिलं असतं तर पुढचं वाक्य आलं नसतं. "पण बाबा घरी आले की भेटायला येणाऱ्यांना दारातून परत पाठव. पहिले पंधरा-वीस दिवस थकवा असतो, काखेखाली बधिर वाटतं, त्याला घाबरू नकोस. दुखायच्या गोळ्या वेळेवर दे. मी त्यातही काटकसर केली, सवय लागेल म्हणून. गोळी दिल्यावर अर्ध्या तासानं खोकायला लाव. रडले तरी लाव. चिडतील, काहीबाही बोलतील. लाव."

नम्रता रडत होती. तिनं फोन पर्समध्ये ठेवला.

समाधान उठला. "चल, तुला खाली सोडतो," तो तिला म्हणाला. आईजवळून जाताना तो क्षणभर थांबल्यासारखा झाला. मग त्यानं चपला घातल्या.

सत्यशीलाबाई गॅलरीत गेल्या. खाली नम्रताच्या स्कूटरजवळ दोघं उभे होते. समाधान तिला काहीतरी सांगत होता. एकदा त्यानं स्वतःच्या छातीवर हात दाबून धरला, खोकून दाखवल्यासारखं केलं. पुष्कळ वेळ सांगत होता. स्कूटर गेल्यावरही तो तिथंच उभा राहिला.

वर आल्यावर त्यानं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि आतल्या खोलीत नेलं. त्या दिवशी तो आईशी बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सत्यशीलाबाई रोज दोन ताटं मांडत, आणि तो त्यातलं एक उचलून आत जाई.