तिसऱ्या गाण्यामागचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. माझ्या अंगावर काळ्या शाईने 'काळोखाला हाक' असे लिहिले आहे आणि शेजारी एक कवटी काढली आहे. काढणाऱ्याचा हात चित्रकाराचा नव्हता, त्यामुळे ती कवटी दाढ दुखत असल्यासारखी दिसते. हसू आले तर खुशाल हसा. मला मात्र माझी गोष्ट सांगताना शरम वाटते, आणि ती काही त्या कवटीमुळे नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते. मला एका शिंप्याने विकत घेतले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे दुकान होते. मास्तर गिऱ्हाइकाचे माप घेऊन आकडा सांगायचे आणि त्यांची बायको तो मोठ्याने परत म्हणून वहीत लिहायची. छाती अडतीस, बाही तेवीस. परत म्हटल्याशिवाय ती कधी लिहीत नसे, कारण ऐकण्यात चूक झाली तर कापड वाया जायचे. एका दुपारी नवा टेपरेकॉर्डर तपासावा म्हणून मास्तरांनी मला त्यात घातले आणि बटण दाबले. एक बाजू संपल्यावर गंमत म्हणून दुसरीही भरली. तिने म्हटलेली मापे, मशिनची घरघर, खडू पुन्हा कुठे ठेवलात म्हणून तिने केलेली मास्तरांची खरडपट्टी, सगळे माझ्यात उतरले.

दोन वर्षांनी ती आजारी पडली आणि गेली. मास्तरांनी कात्रीच्या टोकाने माझ्या वरच्या कडेच्या दोन्ही खुट्ट्या मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर नवे काही भरता येत नाही. तिचा आवाज ऐकायची त्यांची छाती होत नव्हती, पण मी घरात आहे एवढाच त्यांना आधार होता. त्यांनी मला शिलाई मशिनच्या खणात ठेवले. माझ्यावर काही लिहिले मात्र नाही. स्वतःला जे कधी विसरायचे नसते, त्यावर कोण नाव घालतो?

त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या दोन मित्रांना ब्लॅक मेटल या कर्कश संगीताचे वेड लागले होते. एकेक गाणे दहा-बारा मिनिटांचे. गिटारचा आवाज धुक्यासारखा पसरलेला, खाली ड्रमची धावपळ आणि त्यावर लांबून आल्यासारखी किंकाळी. शब्द सगळे मेलेल्यांना बोलावण्याचे. आपला अल्बम भरायला त्यांनी एका दिवसासाठी चांगला रेकॉर्डर उसना आणला आणि ऐन वेळी त्यांच्या कॅसेटची पट्टी अडकून तुटली. सुट्टीचा दिवस, दुकाने बंद. धाकट्याने खण उपसला आणि मी त्याच्या हाती लागले.

खुट्ट्या मोडलेल्या त्याने पाहिल्या. तेवढ्यावरून त्याने ओळखायला हवे होते. पण घाईत त्याने त्या भोकांवर चिकटपट्टी लावली. तेवढे केले की आम्ही कॅसेटा पुन्हा काहीही भरून घ्यायला तयार होतो. दोन मिनिटे मला वाजवून पाहायचे त्याला सुचले नाही.

मग त्यांनी खिडक्यांना चादरी लावल्या, मेणबत्त्या पेटवल्या आणि बापाच्याच खडूने जमिनीवर मंत्राचे वर्तुळ काढले. धाकटा घसा फाटेस्तोवर ओरडत होता, "ये, बोल, ये." मित्रांनो, जी बोलत होती तिला मी त्याच वेळी पुसत होते. मला थांबता आले नाही.

पण उसन्या यंत्राचा पुसणारा भाग मळलेला होता. तिसऱ्या गाण्यात ती पुसट का होईना, राहिली.

माझ्यावर 'काळोखाला हाक' हे अल्बमचे नाव चढले, माझ्यावरून प्रती निघाल्या आणि हातोहात गेल्या. लोकांची पत्रे येऊ लागली. तिसऱ्या गाण्यामागे एक बाई आकडे म्हणते, ती कोण? एकाने त्या आकड्यांची बेरीज करून जगबुडीची तारीख काढली. दुसऱ्याने ती कुठल्याशा जारणविद्येची किल्ली ठरवली. बिचाऱ्यांना काय ठाऊक, ते कुणाच्या तरी सदऱ्याचे माप होते. धाकट्याने हेडफोन लावून ऐकले. त्याने आईचा आवाज लगेच ओळखला. तरी एका मासिकवाल्याने विचारले तेव्हा तो म्हणाला, "आम्ही बोलावलं, ती आली." त्या एका वाक्याने अल्बमचा बोलबाला झाला. माझेही कौतुक झाले आणि मी ते मुकाट्याने घेतले. याचीच मला लाज वाटते.

वर्षे गेली. बँड मोडला, धाकटा लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला आणि मी त्याच्या कपाटात पडून राहिले. मास्तरांना सुई दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी दुकान बंद करायचे ठरवले. आता मन घट्ट झाले आहे, एकदा तिला ऐकतो, असे म्हणून त्यांनी खण उघडला. तीन दिवस ते शोधत होते. बटणांचे डबे उपडे केले, चिंध्यांची गाठोडी सोडली. माझ्याच वेंधळेपणाने हरवली, असे म्हणत त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. ते पाहून धाकट्याला राहवले नाही. त्याने मला आणून त्यांच्यापुढे ठेवले आणि पहिल्यापासून सगळे सांगितले.

मास्तरांनी मला हातात घेऊन भोकांवरची चिकटपट्टी चाचपली.

"पुसलीस ती नकळत," ते म्हणाले. "पण तीन दिवस मी स्वतःला शिव्या घालत होतो, तेव्हा तू समोर बसून चहा पीत होतास."

धाकट्याने तिसरे गाणे लावले. मास्तर कान यंत्राला लावून बसले. ती एक आकडा म्हणायची आणि दुसरा म्हणेपर्यंत गोंगाटात बुडायची.

"मध्ये हा ओरडतोय कोण?" त्यांनी विचारले.

"मी."

"त्याला जरा गप्प बसव. ऐकू येत नाही ती."

पण त्याला गप्प बसवणे आता कुणाच्याच हातात नव्हते.

मित्रांनो, मोडलेली खुट्टी दिसली तर ती कुणी का मोडली, हे आधी विचारा. नव्याची हौस जरूर करा, पण खाली काय आहे ते ऐकून मग करा. आणि चूक झालीच, तर ज्याचे नुकसान केले त्याला त्याच दिवशी सांगा. माझी पट्टी आता झिजली आहे. दर वेळी वाजताना तिचा आवाज थोडा आणखी पुसट होतो, तरी मास्तर रोज दुपारी तिसरे गाणे लावतात. सुट्टी असली की धाकटा त्यांच्याशेजारी बसतो आणि आईच्या आवाजावर चढलेले आपलेच ओरडणे शेवटपर्यंत ऐकतो.