ऑरिनचे ठिपके

मित्रांनो, मी एक जुने पिस्तूल आहे. माझी नळी पोलादाची, पण मूठ प्लॅस्टिकची; साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. मी साच्यातून निघालो त्या दिवशी माझी शेकडो भावंडेही निघाली. आमच्यात नंबराखेरीज काही फरक नव्हता.

अमेरिकेत मॉन्टानातल्या एका शेरिफच्या पोलीस कचेरीने मला व्हर्ना स्टोल्त्झ या डेप्युटीच्या कमरेला दिले. एकोणीस वर्षे ती नोकरीत होती. संधिवाताने तिच्या उजव्या हाताची दोन बोटे पुरती मिटत नसत. गोळी सुटली की मी तिच्या मुठीत फिरायचो आणि पुढची गोळी निशाण चुकायची. नेमबाजीच्या वार्षिक परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली तर बिल्ला परत द्यावा लागणार होता.

तिचा नवरा ऑरिन शिकारीसाठी लाकडी बदके कोरायचा; ती तळ्यात तरंगत ठेवली की खरी बदके भुलून खाली उतरत. पिसांच्या रेघा तो तापलेल्या टोकाच्या लेखणीने उमटवी.

"आण ते इकडे," तो म्हणाला. "बदकाला पिसं फुटतात, याला का नाही?"

"बिघडवलंस तर तुलाच तळ्यात तरंगत ठेवीन."

त्याने गोळ्या काढल्या, तिच्या तळव्याला खडूची पूड लावली आणि मला धरायला सांगितले. जिथे खडू उमटला, तिथेच तो लेखणीच्या तापल्या टोकाने खरखरीत ठिपके देऊ लागला. टोक जास्त तापले तर प्लॅस्टिक जळते, कमी तापले तर नुसते ओढले जाते. तो एकेका ठिपक्याला मनात दोनपर्यंत मोजायचा. दोन आठवडे लागले. एक हजार चारशे बारा ठिपके झाले. मी मोजले, कारण दर ठिपक्यागणिक मी भावंडांपेक्षा वेगळा होत होतो.

परीक्षेत मी तसूभर हललो नाही. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस गोळ्या निशाणावर लागल्या. मग शस्त्रे सांभाळणाऱ्या लायलने मला उलटेपालटे करून पाहिले.

"हे काय, मगरीचं पिल्लू? व्हर्ना, मुठीला हात लावायचा नाही असा नियम आहे. सही केलीयस तू."

"चाळीस पानांवर सही केलीय. तूही केलीयस. वाचलीस?"

"नाही. पण मी पिस्तूल भाजलं नाही."

निकाल रद्द झाला. त्याच दुपारी तिला माझे एक नवे भावंड देऊन परीक्षा पुन्हा घेतली. ते तिच्या मुठीत फिरले. व्हर्नाने बिल्ला टेबलावर ठेवला.

कचेरीने मला ग्रेडीच्या बंदुकांच्या दुकानात विकले. ठिपके दुसऱ्या कोणाच्याच तळव्याला जुळेनात. "कुणीतरी वाट लावलीय याची," म्हणत गिऱ्हाइके मला खाली ठेवत. शेवटी ग्रेडीने पॉलिश पेपर घेतला. तासाभरात काम झाले.

मार्चमध्ये व्हर्ना आली. ऑरिनला पुरून तीन आठवडे झाले होते. तिने माझा नंबर सांगितला. ग्रेडीने मला तिच्या हातात दिले. तिने मूठ मिटली, पुन्हा उघडली.

"हे नव्हे, ग्रेडी."

"नंबर बघा ना, तेच आहे. मुठीवर घाणेरडं काम होतं, मी साफ केलं. त्याचे वेगळे पैसे घेणार नाही तुमच्याकडून."

"नंबर घेऊन काय करू मी?"

तिने अंगठा माझ्यावरून एकदा फिरवला, मला ठेवले आणि ती गेली.

मित्रांनो, एखादी वस्तू ओबडधोबड दिसली तर घासायला घेण्याआधी एवढे विचारा, की ती कोणाच्या हातासाठी तशी झाली. माझ्या बाबतीत कोणी विचारले नाही. आता मी काचेखाली असतो, आणि गिऱ्हाइके म्हणतात, अगदी नव्यासारखे आहे.