दहातला एक घास

"वहिनी, लांब फेका! काठावर पडला तर अस्वल आपल्यालाच वाढपी समजेल," ट्रकवरून धाकटा दीर ड्वेन ओरडला.

लोर्नाने लांब दांड्याचा काटा खुपसून मेलेला सॅल्मन मासा उचलला आणि ओढ्यात भिरकावला. मत्स्यपैदास केंद्रात अंडी काढून झाली की दर नोव्हेंबरला मेलेले मासे परत ओढ्यात टाकतात. तिचा नवरा एल्डन जन्मभर हेच करत आला. ऑगस्टमध्ये त्याच्या छातीत कळ आली आणि खेळ आटोपला. तेव्हापासून लोर्नाला ना धड रडू येत होतं, ना भूक लागत होती. केंद्रवाल्यांनी त्याच्या जागी येता का म्हणून विचारलं, तर आली, इतकंच.

एल्डन मोठा बोलघेवडा. शाळेची पोरं आली की त्याला चेव चढायचा. "मासा समुद्रात खाऊनपिऊन येतो आणि इथे मरतो. त्याला अळ्या खातात, अळ्यांना त्याचीच पिल्लं. अस्वल अर्धा खाऊन झाडाखाली टाकतं, तो देवदाराच्या मुळाशी जातो. पण दहा घास खाल्ले, तर नऊ हिंडण्याफिरण्यात आणि अंग गरम ठेवण्यात संपतात हं! पुढच्याच्या पानात पडतो एकच. मलाही पेटीबिटी नको, नुसतं मातीत पुरा. माझा एक घास मिळू दे कुणाला तरी."

लोर्नाने तसा शब्द दिला होता. मग अंत्यविधीवाल्याने फोनवर विचारलं, "दफन की दहन?" ती म्हणाली, "काहीही." तोंड तिचं होतं, पण ती त्यात नव्हतीच.

ट्रक रिकामा झाला तसा ड्वेनने सीटवरून राखेचा डबा आणला. "सोडू या दादाला?"

"यात खायला काही नाही रे."

"म्हणजे?"

"दहाच्या दहा घास धुराड्यातून गेले. एवढं एकच मागितलं होतं त्याने, आणि मी म्हटलं काहीही."

ड्वेनने डबा तिच्या हातात दिला. "दादा म्हणाला असता, हिचं वर्गात लक्षच नव्हतं."

लोर्ना हसली नाही. तिने डबा उपडा केला. पाणी जरासं गढूळ झालं आणि लगेच निवळलं. आपल्याला वाईटसुद्धा वाटत नाही, याचं तिला वाईट वाटलं.

दोघं ओंडक्यावर बसली. ड्वेनने कागदात गुंडाळलेलं सँडविच तिच्यापुढे धरलं. "खा. दादानेच धुरी दिलेला मासा आहे. गेल्या साली मला दिलेली शेवटची बरणी."

नको म्हणायला तिने तोंड उघडलं, पण हात पुढे झाला होता. ती चावत राहिली.

"मीठ जास्त झालंय," ती म्हणाली.

"त्याचं कधी कमी होतं?"

तिने सगळं संपवलं. कागदावरचे कण बोटाने टिपून खाल्ले. बऱ्याच वेळाने बोटांत ऊब आली.

"अजून आहे?" तिने विचारलं.

ड्वेनने आपल्या हातातलं अर्धं तोडून तिला दिलं.