मुशीसमोरचा सम्राट

मित्रांनो, रहिमतपूरहून लालासाहेबांचं पत्र आलं, त्याला तीन दिवाळ्या होऊन गेल्या. पायगोंडाआप्पांनी त्याला उत्तर दिलं नाही. कारण मी होतो.

मी एक जुनं सोन्याचं नाणं आहे. व्हिएन्नाच्या टाकसाळीत माझ्यावर गालमिशांच्या सम्राटाचा चेहरा उठला. कुणाकुणाच्या हातून मी सांगलीच्या सराफपेठेत पोचलो, ते मलाही नीट आठवत नाही. आप्पांनी मला वितळवायला आलेल्या मोडीच्या ढिगातून उचललं आणि लाकडी डबीत बेल्जियमच्या राजाच्या नाण्याशेजारी ठेवलं. माणसांशी बोलताना अडखळणारे आप्पा भिंग घेऊन बसले की आमच्याशी मोकळं बोलत.

लालासाहेबही असलीच नाणी जमवतात. ‘तुमचा सम्राट घेऊन या, एकदा डोळे भरून बघू द्या,’ असं त्यांनी लिहिलं होतं. आप्पा निघणारच होते. पण त्या लक्ष्मीपूजनाला सूनबाई चंदनबालानं मला हौसेनं रांगोळीनं घासलं.

“बघा आप्पा, कसा लख्ख झाला तुमचा म्हातारा!”

गालमिशा पुसल्या गेल्या होत्या. आप्पांनी मला परत डबीत ठेवलं. असलं नाणं जाणकाराला कसं दाखवायचं? पत्र तसंच राहिलं.

आता नात स्वप्नालीचं लग्न तोंडावर आलं. चंदनबाला म्हणाली,

“आवं आप्पा, डबीत ठिवून ही काय अंडी घालणार हायत व्हय? आटवूया. पोरीला पुतळ्यांची माळ तरी हुईल.”

आप्पांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी मान हलवली.

नाथाजी सोनाराची भट्टी घुमत होती. आधी बेल्जियमचा राजा मुशीत गेला. त्याची दाढी सैल झाली, नाक ओघळलं, मग नुसता लाल थेंब उरला. मी कडेलाच होतो. धग लागत होती.

“मुशीत गेल्यावर राजा काय नि मोडका डूल काय, समदं एकच!” नाथाजी हसला. चिमटा माझ्याकडे वळला.

“थांब रं!” आप्पा ओरडले. एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“का वं?”

“ह्याला... एकानं बघायचं राहिलंय.”

“बघू द्या की. भट्टी कुठं पळून जात न्हाई.”

मित्रांनो, जुन्या वस्तूला चमकवण्याआधी जरा थांबा. तुम्ही मळ म्हणून काढता, त्याबरोबर तिचा चेहराही जातो.

पोस्टाच्या बाकावर बसून आप्पांनी लालासाहेबांना लिहिलं, ‘नाणं घासलं गेलंय. चेहरा पुसट आहे. तरी आणू का?’ एका हातानं त्यांनी पत्र पेटीत टाकलं. दुसऱ्या हातानं त्यांनी खिशात मला घट्ट धरलं होतं. भट्टीच्या धगीनं मी अजून गरम होतो.