हौसाबायचे धवले

"हौसाबाय पिऊन आलीय गो!" शेजारची भामा भर मांडवात ओरडली. तिथं खरोखरच पिऊन आलेले दहा-पंधरा बाप्ये लगेच माना डोलवू लागले.

हौसा माझी जाऊ. सुकापुरात तीस वर्षं लग्नाचे धवले गाणारी धवलारीण. तिनं गाऊन देवांना बोलावल्याशिवाय आम्हा आगऱ्यांत लग्न लागत नाही. पण वर्षभर तिचं भलतंच सुरू झालं होतं. सकाळी आवाज खणखणीत, आणि चार धवले झाले की शब्द नाकातून येत, जीभ जड होई, पापण्या मिटत. लोकांना तेवढं पुरे झालं.

डोळ्यांच्या डॉक्टरनं चष्मा दिला, घशाच्या डॉक्टरनं गुळण्या. तिसऱ्यानं नुसतंच "टेन्शन घेऊ नका" सांगितलं. खरं तर चूक आमचीच. डॉक्टरकडं जायचं म्हणून हौसा आदल्या दिवशी आराम करायची आणि सकाळी टवटवीत चेहऱ्यानं पहिला नंबर लावायची. मग आजार दिसणार कसा?

प्राचीचं लग्न महिन्यावर आलं. प्राची हौसाच्या भावाची लेक, हिच्याच मांडीवर वाढलेली. भाऊ म्हणाला, "ताय, रागावू नको. धवले मोबाइलवर लावतो."

हौसा "बरं" म्हणाली. माझं मात्र डोकं फिरलं. तिला घेऊन मी पनवेलला नसांच्या डॉक्टर वल्लरीमॅडमकडं गेले. त्याही तपासून म्हणाल्या, "आत्ता तर सगळं नॉर्मल दिसतंय."

"गा गो," मी म्हटलं.

"हितं?"

"हितंच. पयल्यापासून."

हौसानं सूर लावला. बाहेरचे पेशंट दारात गोळा झाले. तिसऱ्या धवल्याला आवाज नाकात शिरला, पाचव्याला डावी पापणी खाली आली.

"थांबू नको गो!" मी ओरडले. तिचा आवाज बसल्याचा जन्मात पहिल्यांदा मला आनंद झाला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मायस्थेनिया वाटतोय. नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, म्हणून वापरले की ते थकतात. रक्त तपासू."

रिपोर्टही तसाच आला. आजार जायचा नाही, पण गोळ्यांनी आवरता येईल, असं त्या म्हणाल्या.

प्राचीच्या लग्नात हौसानं तासभर आधी गोळी घेतली आणि मधेमधे विसावा घेत सगळे धवले म्हटले. प्राची रडली, मीही रडले.

भामा माझ्या कानाशी लागली. "बगितलंस? आता गोल्या खाऊन गाते!"

हौसानं ते ऐकलं आणि ती खळखळून हसली. वर्षभर तिला धड हसताही येत नव्हतं.