खाजणातलं गाऱ्हाणं

मार्गशीर्षातली अमावास्या. उधाणाची ओहोटी. पाणी इतकं मागे सरलं होतं की खाडीने आपला सगळा संसारच उघड्यावर मांडला होता. नीलकृष्ण चिखल, त्यावर कोवळ्या उन्हाचा सोनसळी लेप, आणि त्या लेपातून वर डोकावणारी तिवरांची बोटाएवढी श्वासमुळं. श्वासमुळं पलीकडच्या काठापर्यंत, श्वासमुळं नजर पोचेल तिथपर्यंत. सगळं रान नाक वर करून वारा पीत होतं.

हे कोंडखोलचं खाजण. खाऱ्या पाण्याचं, खाऱ्या चिखलाचं, खाऱ्या सावलीचं रान. ना धड जमीन, ना धड समुद्र. हरितश्यामल तिवर, जटाधारी कांदळ, फांदीफांदीवर शुभ्रपंखी बगळे. दिवसातून दोनदा समुद्र इथे पाहुणा येतो, येताना मासळीची पिल्लं कडेवर घेऊन येतो, आणि जाताना ती इथेच विसरून जातो. खाजण बिचारं ती वाढवतं.

याच रानाच्या लाकडावर कोंडखोलच्या चुली पेटत आल्या. कांदळाचं लाकूड पेटायला आढेवेढे घेतं, पण एकदा पेटलं की हूं की चूं न करता जळत राहतं. त्याचा निखारा दाट, रक्तवर्ण, धीराचा. मोठ्या हंड्यात सालासकट भात उकडायचा तर असाच निखारा लागतो, आणि उकड्या तांदळाची पेज पोटात गेल्याशिवाय कोंडखोलात कुणाची सकाळ होत नाही.

तर त्या ओहोटीत, अरुंद होत गेलेल्या पाण्यावरून, बायकांनी भरलेली एक होडी खाजणाकडे निघाली होती.

पुढे बसली होती वैजयंता तारी. साठी उलटलेली, सावळी, ताठ कण्याची, तोंडाने फटकळ. लाकडाला जाणाऱ्या बायकांची ती म्होरकी. तिच्याआधी तिची सासू होती. तिला खेटून दुरपा, नवरा लवकर गेलेली, खाडीच्या अगदी काठावर एकटीच्या खोपीत राहणारी. गावाचा भात उकडून द्यायचा, हेच दुरपाचं पोट. तिचा तांब्याचा हंडा एवढा मोठा की त्यात ती स्वतः बसली असती. आणि सगळ्यांच्या मागे, कुणीही न बोलावता आलेली, वैजयंताची सून हर्षाली, मांडीवर रोट आणि नारळाची टोपली घेऊन.

या सुनेपायीच तर सगळं पेटलं होतं.

खाजण राखीव करायचं, कोयता कायमचा बंद, असा ठराव हर्षालीने ग्रामसभेपुढे मांडला होता. सरकारी बंदी कागदावर कधीचीच होती. पण कागद पडला शहरात राहणारा, खाजणात राहतात खेकडे. आता गावाने आपणहून हात वर करायचे होते. सून म्हणत होती, रान विरळ झालंय, समुद्र खारबांधाला चाटायला लागलाय. तिवर गेला की कोळंबी जाईल, बांध गेला की शेतं खारी होतील, मग उकडायला भात तरी कुठला आणणार? म्हणणं खोटं नव्हतं. पण खरं बोलणारी सून आजवर कुणाला गोड लागलीय?

बायकांचं म्हणणंही खोटं नव्हतं. सिलिंडर चहापुरता ठीक. त्याच्यावर हंडाभर भात उकडायला घेतला तर नवऱ्याला विकावं लागेल, असं एक जण म्हणाली, तर दुरपा म्हणाली, माझ्याकडे तर विकायला तोही नाही. आणि आम्ही काय जिवंत झाड तोडतो होय? आम्ही फक्त सुकं घेतो. सासवांनी घालून दिलेला नेम आहे तो.

नेम होता खरा. पण सुकं म्हणजे काय, ते दरवर्षी जरा जरा सैल होत गेलं होतं. हिरवी फांदी या अमावास्येला मोडून तशीच लोंबत ठेवायची. पुढच्या अमावास्येला येऊन बघायचं, तर काय, ती सुकलेली! मग मोळीत घ्यायला हरकत ती कसली. नेम कुणी मोडला नव्हता. फांद्या तेवढ्या मोडल्या होत्या. सगळ्या हे जाणत होत्या आणि कुणीच बोलत नव्हती.

तारींच्या घरात तर ठरावाच्या दिवसापासून अबोला. सासूला सुनेला काही सांगायचं झालं की ती मांजराला सांगे. सून उत्तर देई, तेही मांजरालाच. मांजर दोघींच्या तोंडाकडे बघून हैराण. आणि मधल्यामध्ये घरातला पुरुष, वैजयंताचा लेक, जेवायच्या वेळेलाही मासेमारीला बाहेर.

अशात एका संध्याकाळी बायका वैजयंताच्या घरापुढच्या खळ्यात येऊन बसल्या होत्या. त्यांचं मागणं सरळ होतं. दर मार्गशीर्षात खाजणाच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालायचं असतं. देवळातलं गाऱ्हाणं पुरुषांचं, पण खाजणातलं बायकांचं, आणि ते म्होरकीने घालायचं. तर या खेपेला वैजयंताने मागावं, ही बंदी टळू दे. मागणं मांडून झालं की बाकीच्या ‘व्हय म्हाराजा’ म्हणतील, आणि मग बघू ग्रामसभेत कुणाचा हात वर होतो ते. कोंडखोलात एकदा गाऱ्हाणं पडलं आणि त्याला होकार मिळाला की त्याच्याविरुद्ध जायची कुणाची छाती नाही. ठरावाचा तिथेच निकाल लागणार होता.

वैजयंता हो म्हणाली होती. चुलीशी बसलेल्या सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती.  सून अमावास्येच्या सकाळी उठली, तिने रोट भाजला, टोपली भरली आणि होडीत येऊन बसली.

होडी रुतली तिथे बायका उतरल्या. घोटाभर चिखल, मग पोटरीभर, मग गुडघाभर. शीतल, मृदुल, कृष्णवर्ण चिखल, जो पाय आत घेतो मायेने आणि सोडतो मोठ्या नाखुषीने. जुन्या बायका पाऊल आडवं टाकत सरसर गेल्या. हर्षाली रुतली. टोपली डोक्यावर धरून तशीच उभी राहिली. कुणी मागे वळून बघितलं नाही. वैजयंता मात्र चार पावलं परत आली, दुसरीकडेच बघत तिने हात पुढे केला, सुनेला उपसून काढलं आणि पुन्हा पुढे चालू लागली. मांजर नव्हतं, म्हणून बोलणं काही झालं नाही.

वाट तीच होती, रान ते नव्हतं. जिथे पूर्वी फांद्या हातांनी बाजूला सारत जावं लागे, तिथे आज ऊन सरळ पाठीवर येत होतं. ऊन खुंटांवर पडलं होतं, ऊन लोंबत्या फांद्यांवर पडलं होतं, ऊन ओल्या जखमांवर पडलं होतं. वैजयंता बघत चालली होती. मागच्याही अमावास्येला तिने हे बघितलं असणार. पण डोक्यावर मोळी घेऊन चालणाऱ्या माणसाला फार वर बघता येत नाही.

राखणदाराचा पाषाण एका जुनाट चिपीच्या झाडाच्या बुंध्याशी. शेवाळमंडित, शंखांकित, निराकार. बायकांनी त्याच्यावर खाडीचं पाणी ओतलं, रोट ठेवला, नारळ ठेवला आणि अर्धगोल करून उभ्या राहिल्या. हर्षाली त्या गोलाच्या बाहेर राहिली. वैजयंताने पदर खोचला, हात जोडले.

गाऱ्हाण्याची रीत ठरलेली. आधी, तू आजवर सांभाळलंस, एवढं एक वाक्य. ते उरकायचं आणि मागण्याला लागायचं. कोण कशाला लांबवील? माणूस गाऱ्हाणं घालतो ते मागण्यासाठीच.

“बा राखणदारा म्हाराजा,” वैजयंताने सुरुवात केली, “आजपातूर तू आमका सांभाळलंस.”

तिने श्वास घेतला. बायकांनी होकार ओठांवर आणून ठेवला. आता मागणं येणार.

“तुझ्या लाकडार माझी पयली पेज शिजली,” वैजयंता म्हणाली. “मी नवी नवरी. पेज करपली. सासऱ्यान गपचूप खाल्ली. ती तू दिलंस.”

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हे गाऱ्हाण्यात कधी नव्हतं. असेल, म्होरकी आहे, जरा सजवून मांडत असेल. पण वैजयंता थांबेना. ती सांगत गेली. बाळंतपणातलं न्हाणीचं ऊन ऊन पाणी, ते तू दिलंस. लेकराच्या शेकाची शेगडी, ती तू दिलंस. भर पावसात दर्यावरून काकडत आलेल्या नवऱ्याच्या अंगात परत ऊब आली, ती तू दिलंस. निखाऱ्यावरचा बांगडा, चुलीच्या वैलावरची कढी, उकडलेल्या भाताचा वास अंगणभर. सासू गेली तेव्हा तिच्या शेवटच्या न्हाणाचं पाणीही तुझ्याच लाकडावर तापलं, तेही तू दिलंस. एक सांगावं तर त्याला धरून दुसरं येत होतं, दुसऱ्याला धरून तिसरं. आयुष्यभर एका वाक्यात उरकलेलं सगळं आज बाहेर पडत होतं, आणि तिलाच कळेना की आपल्याजवळ हे एवढं होतं.

कुणीतरी खोकलं. कुणीतरी पायावरचा खेकडा झटकला. आता येईल मागण्यावर, आता येईल.

वैजयंताचा आवाज बसत चालला होता. “वादळाच्या राती दर्यो उठलो. दुरपाच्या खोपीपातूर इलो. तुझ्या मुळांत अडाकलो आणि माघारी गेलो. सकाळी बघतंव तर तुझी झाडां आडवी, आणि दुरपाचो हंडो होतो थंयच.” ती थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली, “तीच आडवी झाडां आमी तोडून घराक न्हेली. त्याच लाकडार तिचो हंडो चढलो.”

  वैजयंताच्या जोडलेल्या हातांवर टपटप पाणी पडत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. मागायला ती आली होती, मागण्याचे शब्दही पाठ करून आली होती. पण एवढं सगळं दिलेल्याच्या तोंडावर आणखी दे म्हणायला तिची जीभ रेटेना. तिला लाज वाटली, आणि लाजेहून कितीतरी जास्त माया वाटली.

“आता काय मागूचा नाय, म्हाराजा,” ती म्हणाली. “खूप दिलंस. दमलंस. आता तू जरा बस.”

तिने वाकून पाषाणाला डोकं टेकलं.

झालं. गाऱ्हाणं संपलं. आणि आता काय करायचं ते कुणालाच उमगेना. होकार द्यायचा तो मागण्याला. इथे मागणंच नव्हतं, आणि ‘तू बस’ला होकार द्यायचा म्हणजे कोयता खाली ठेवायचा. सगळ्यांच्या नजरा हळूहळू दुरपाकडे वळल्या. जिच्या पोटावर येणार होतं ती दुरपा. तिने नाही म्हटलं असतं तर कुणीही तिला बोल लावला नसता.

दुरपा आपल्या हातांकडे बघत होती. हंड्याच्या आचेने काळवंडलेले, चटक्यांनी चकाकणारे हात. त्या वादळाच्या रात्री ती कुणाच्या तरी ओसरीवर बसून पहाट व्हायची वाट बघत होती, खोप गेली असं धरून चालली होती. सकाळी धावत आली तर खोप जागेवर. तेव्हा ती देवळात गेली होती, देवीपुढे नारळ ठेवला होता. खाजणात मात्र ती आली ती कोयता घेऊन.

“व्हय म्हाराजा,” दुरपा म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने परत म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

मग सगळ्याजणी म्हणाल्या. गोलाच्या बाहेरून हर्षालीही म्हणाली. बगळे उडाले, खाजणावरून एक शुभ्र कंप गेला आणि पुन्हा फांद्यांवर बसला.

परतताना दुरपाने वैजयंताला गाठलंच. म्हाराजाला बसवलंस ते बरं केलंस, पण माझो हंडो आता काय तुझ्या तोंडार उकडू, असं तिने विचारलं. वैजयंताला हसू आलं, आणि दुरपालाही, डोळे पुसता पुसता. वैजयंताने चालता चालता सांगून टाकलं की आपल्या माडांची सुकी चुडतं, नारळाची सोडणं, करवंट्या, सगळं दुरपाच्या दारात जाईल. आणि ज्याला तिच्याकडून भात उकडून हवा, त्याने भाताबरोबर आपलं जळणही धाडायचं. धूर होईल, डोळे चुरचुरतील, वेळ लागेल. लागू दे. मग ती वळली आणि सरळ सुनेकडे बघून म्हणाली,

“ता पण ठरावात घाल गो, बाय.”

हर्षालीने मान हलवली. 

तोवर भरती लागली होती. पाणी आलं, हलक्या पावलांनी, मुळामुळांतून, खुंटाखुंटांतून, आणि चिखलातल्या बायकांच्या पावलांचे ठसे एकेक करून भरत गेलं. रुतलेली होडी डुलायला लागली.

एरवी परतीच्या वेळी होडीत लाकूड बसे, आणि बायका कमरेएवढ्या पाण्यातून तिला ढकलत चालत. काठाला हात, माथ्यावर ऊन, पायांखाली चिखल. सासू चालली, सासूची सासू चालली. आजही सगळ्या सवयीने पाण्यात शिरल्या आणि काठाला हात लावून उभ्या राहिल्या. होडी रिकामी होती. ढकलायला काहीच नव्हतं. 

मग वैजयंता आत चढली. तिने दुरपाला हात दिला, दुरपाने दुसरीला, शेवटी सगळ्यांनी मिळून हर्षालीला वर ओढलं. ओल्या लुगड्यांनी, रिकाम्या हातांनी, दाटीवाटीने त्या टेकल्या. हलकी झालेली होडी पाण्यावर उंच तरंगली. वल्ही कुणी हातात घेतली नाहीत. खाडीचं पाणीच त्यांना घराकडे नेत होतं, सावकाश, सावळं, सोनेरी. पाणी चालत होतं, होडी चालत होती, आणि बायका बसल्या होत्या.